डॅशबोर्डवरची बटणे आणि दहावीनंतरची वाट

मुंबईतल्या हिंदमाता चौकात पाणी का साचते, हे दादर-परळकरांना सांगायला नको. भाग सखल आणि भरतीच्या वेळी निचरा मंद. प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली महापालिकेने साठवण टाक्या बांधल्या, तरी जोराच्या पावसात डॉ. आंबेडकर रस्त्यावरच्या ट्रक-टेम्पोंना पाण्यातून वाट काढावी लागतेच. नीट दाबून, सील करून केलेला वायरचा जोड त्यातून सुखरूप निघतो. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या जोडातले तांबे हिरवे पडते आणि काही दिवसांनी दिवा मिणमिणू लागतो. मुलाने ऑटो इलेक्ट्रिशियन व्हायचे म्हटल्यावर धास्तावणाऱ्या आईवडिलांनी हा फरक आधी समजून घ्यावा. या कामाला हात लागतात, पण चांगला कारागीर ठरतो तो हिशेबावर आणि विचारावर.

ट्रकच्या केबिनमध्ये जादा स्विच पॅनेल बसवण्याचेच काम घ्या. मालकाला धुक्याचे दिवे, पंखा, मागचा कॅमेरा, हौद्यातला दिवा असे सारे एका जागी हवे असते. सत्तर वॅटचे दोन दिवे म्हणजे 140 वॅट. 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये ते सुमारे 6 अँपिअर घेतात, 12 व्होल्टच्या टेम्पोत जवळजवळ 12. प्रवाह दुप्पट झाला की त्याच वायरमधली उष्णता चौपट होते, म्हणून टेम्पोला जाड वायर लागते. फ्यूज दिव्यासाठी असतो असे अनेकांना वाटते. तो असतो वायर जळू नये म्हणून, आणि त्यासाठीच तो बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा. मोठा प्रवाह बटणातून न नेता रिलेतून न्यायचा, पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच घालायचे, काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार आधी काढायची. यातला प्रवाहाचा आणि वायरचा हिशेब शाळेच्या विज्ञानातल्या ओहमच्या नियमाशी जोडलेला आहे. हा नियम ज्याला गाडीत दिसतो, त्याला अनोळखी गाडीतला बिघाडही शोधता येतो.

मग उस्तादाच्या हाताखाली शिकले तर काय बिघडले? जुन्या गाड्यांपुरते ते चालून गेले. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 हे प्रदूषण मानक लागू झाले. त्यानुसार बनलेल्या गाड्यांत संगणक बसले आहेत आणि दिसेल ती वायर सोलून जोड मारला तर भलताच बिघाड उभा राहतो, शिवाय वॉरंटीचा वाद होतो. पालकांना आणखी एक भीती वाटते, की इलेक्ट्रिक गाड्या आल्या की हे कामच उरणार नाही. तसे नाही. बेस्टच्या ताफ्यातल्या विजेवरच्या बसलाही दिवे, वायपर, दारे चालवायला कमी दाबाची वेगळी वायरिंग असतेच. मुख्य बॅटरीचा उच्च दाब मात्र प्रशिक्षणाशिवाय हाताळणे जिवावर बेतते. म्हणजे अशा गाड्या वाढतील तशी शिकलेल्या कारागिराची गरजही वाढेल. नव्या अवजड ट्रकच्या केबिनमध्ये 2025 पासून वातानुकूलन बंधनकारक झाले, त्यानेही विजेचे काम वाढलेच आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न मी हलका मानत नाही. ज्या गिरणगावाने 1982 च्या गिरणी संपानंतर कसबी माणसांची कामे जाताना पाहिली, तिथल्या पालकांना पांढरपेशी नोकरी सुरक्षित वाटणे स्वाभाविक आहे. पण औद्योगिक प्रशिक्षण संस्था, अर्थात आयटीआय, म्हणजे शिक्षणाचा शेवट हा समज चुकीचा आहे. मेकॅनिक मोटर व्हेईकल किंवा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीचा मार्गही उघडा असतो. शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन मिळते, ते वेगळे. प्रवेशाआधी पालकांनी कार्यशाळा स्वतः पाहावी. मुलांच्या हातात मल्टिमीटर दिला जातो का, वायर जोडण्याआधी त्यांच्याकडून सर्किटची आकृती काढून घेतात का, सरावाची गाडी बीएस-6 आहे की वीस वर्षांपूर्वीची, हे तिथल्या शिक्षकांना विचारावे. उत्तरे समाधानकारक नसतील तर दुसरी संस्था शोधावी, शाखा बदलू नये.