मनाची तपासणी : विचारावे की विचारू नये?

शाळेत डोळ्यांची तपासणी होते तेव्हा कोणी बिचकत नाही. फळ्यावरचे अक्षर पुसट दिसते, असे सांगण्यात कमीपणा नसतो. परंतु 'जगू नये, असे तुला कधी वाटते काय?' हा प्रश्न विचारावयाचा म्हटले की वडीलधारी माणसे दचकतात. विचारल्यानेच मुलाच्या मनात नको तो विचार शिरेल, अशी त्यांची भीती.

ही भीती पारखली गेली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. काहींना आत्महत्येविषयीचे प्रश्न विचारले, काहींना विचारले नाहीत. विचारलेल्यांची व्यथा वाढल्याचे आढळले नाही. जी आधीच खिन्न होती, ती उलट काहीशी कमी व्यथित दिसली.

तर मग अशी तपासणी सर्वत्र का नसावी? खरी अडचण उत्तर मिळाल्यानंतरची आहे. २०२१ साली जगात सुमारे ७,२७,००० माणसे आत्महत्येने गेली. त्यांतील जवळजवळ तीन-चतुर्थांश अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती, आणि मनाचे वैद्य नेमके तेथेच विरळ. युरोपातील दहा देशांच्या शाळांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. केवळ प्रश्नावली भरून घेऊन तज्ज्ञांकडे पाठविल्याने तेथे ठळक फरक पडला नाही. मुलांना मन मोकळे करावयास व सोबत्याला साहाय्य करावयास शिकविल्याने मात्र पडला. तज्ज्ञ हाताशी असलेल्या देशांची ही कथा!

आमच्या गोव्यात आणखी एक पेच आहे. घरी कोंकणी, शाळेत मराठी. 'जिवाक वाज आयला' हे उद्गार गृहपाठाच्या कंटाळ्याचे असतील, तसेच खऱ्या वेदनेचेही असतील. पुस्तकी प्रश्नाला हा भेद कळत नाही. म्हणून प्रश्न घरच्या बोलीत, एकांतात विचारावा आणि उत्तराचा कागद त्याच दिवशी वाचावा. आठवडाभर कपाटात पडून राहणारी प्रश्नावली भरून न घेतलेलीच बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वैद्य थोडे असले तरी मार्ग खुंटत नाही. गोव्यातीलच 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत दाखवून दिले की, वैद्य नसलेली परंतु नीट शिकवून तयार केलेली स्थानिक माणसे खिन्नतेने ग्रासलेल्या प्रौढांना आधार देऊ शकतात. शाळांनीही अशी माणसे आधी तयार करावी, तपासणी मागाहून.

आणि एखादा सोबती तुमच्यापाशी असे काही बोललाच, तर ते गुपित म्हणून जपू नका. त्याला एकटे सोडू नका. विश्वासातील शिक्षकांना वा घरच्या मोठ्यांना त्याच दिवशी सांगा. २०२२ पासून भारत सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर अहोरात्र चालते. तेथे मराठीतूनही बोलता येते.