पुडक्यात पानं किती?

आमच्या गडचिरोली भागातल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्याने सध्या एक सवय लावून घ्यावी. प्रकल्प हातात आला की आधी भाषा बघू नये, आकडे बघावेत. भाषा आता सगळ्यांचीच गुळगुळीत झाली आहे. 'सदर अभ्यासातून असे निदर्शनास येते की' हे वाक्य मुलचेऱ्यापासून मुंबईपर्यंत एकाच साच्यातून निघतं.

तेंदूपत्ता हंगामावरचा एक क्षेत्र प्रकल्प माझ्याकडे आला. त्यात लिहिलं होतं की ५० पानांची एक गड्डी, १००० गड्ड्यांची प्रमाणित गोणी आणि खरेदी प्राथमिक वनोपज सहकारी समितीमार्फत. माहिती खोटी नव्हती, पण ती छत्तीसगड आणि मध्य प्रदेशची होती. आपल्याकडे गड्डीला पुडकं म्हणतात आणि ते ७० पानांचं. शिवाय पेसा आणि वनहक्क कायद्याच्या बळावर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आपल्या तेंदूचा लिलाव आता स्वतःच करतात. प्रकल्पात ग्रामसभेचं नावही नव्हतं.

लिहिणारा मुलगा मुलचेरा तालुक्यातला. मे महिन्यात पहाटे आईबरोबर जंगलात जाणारा, दुपारी सावलीत बसून पुडकी बांधणारा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देणारा. मी विचारलं, "तुमच्या घरी पुडकं किती पानांचं बांधता रे?"

"सत्तर, सर." क्षणाचाही विलंब नाही.

"मग इथं पन्नास कसे?"

"मोबाईलमध्ये तसंच आलं, सर. मला वाटलं, पुस्तकात तेच असन."

मला नकलेचं फारसं वाईट वाटत नाही. नक्कल जुनीच आहे. आमच्या वेळी गाईडं होती, मग झेरॉक्सचं दुकान आलं, मग गुगल. पण गाईडवरून उतरवणाऱ्या मुलाला आपण उतरवतोय हे पक्कं ठाऊक असायचं. इथे मुलाची बोटं सत्तर मोजतात आणि तो मोबाईलचे पन्नास खरे धरतो. काळजी या 'असन'ची आहे.

असं का होतं, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगून टाकावं. चॅटजीपीटी आणि त्याची भावंडं लिहिलेल्या मजकुरावर शिकलेली आहेत. ज्या गोष्टीबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, तिथे ती बरी चालतात. मुलचेऱ्याबद्दल लिहिलंय किती? मग ती शेजारच्या घरातून उसनं आणतात आणि उसनं आहे हे सांगत नाहीत. १९६० च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना वसवलं गेलं. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही त्यांतलीच गावं. त्यांच्याविषयी यंत्राला विचारून पाहा. उत्तर मलकानगिरी आणि पखांजूरकडे वळतं, कारण ओडिशा-बस्तरच्या दंडकारण्य प्रकल्पावर ढिगाने लिहिलं गेलंय. आमच्या वर्गात त्या गावांची तिसरी पिढी बसते. घरी बांगला, बाजारात मराठी. आजीला विचारलं तर ती पहिल्या पावसाळ्यापासून सुरू करते.

म्हणून माझ्याकडे आता क्रम ठरलेला आहे: आधी वही, मग मोबाईल. आधी हाताने लिहिलेली नोंदवही दाखवायची. तारीख, गाव, काय मोजलं, कोण काय बोललं, सगळं तिच्यात. खाडाखोड असली तर उत्तम. ती तपासून सही झाली की मग नोंदींची मांडणी करायला, कोष्टक बनवायला, इंग्रजी सारांश लिहायला एआय खुशाल वापरा. कुठे वापरलं ते शेवटी दोन ओळींत लिहा. गुण निम्मे वहीला आणि तोंडी परीक्षेला. तोंडीत मी सिद्धांत विचारत नाही, पुडक्यात पानं किती ते विचारतो.

बंदी घालावी असं मला कधीच वाटलं नाही. ज्या मुलीच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं दुसरं कोणी नाही, जिच्या तालुक्यात इंग्रजीचा शिकवणीवर्ग नाही, तिला अवघड इंग्रजी उतारा रात्री दहा वाजता, रेंज असेल तर, सोप्या मराठीत कोण समजावून देणार? ते काम हे यंत्र चांगलं करतं. मी तरी रात्री दहाला फोन उचलत नाही.

प्राध्यापक मंडळींना एक वेगळं सांगायचंय. 'हे एआयने लिहिलंय' असं टक्केवारीत सांगणाऱ्या साधनांवर कोणाला दोषी ठरवू नका. ओपनएआयने स्वतःचंच असलं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचं अस्सल लेखन ही साधनं यंत्राचं ठरवतात, हे त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं. आणि आपल्या डोक्यातलं साधन त्याहून वाईट. माडिया घरातल्या एका मुलीचा स्वच्छ मराठीतला निबंध पाहून शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणालंच, "हे हिने लिहिलं असेल?" तिला समोर बसवून त्याच विषयावर अर्धं पान लिहायला सांगितलं. तिने पाऊण लिहिलं. आश्रमशाळेत पुस्तकातूनच मराठी शिकलेली पोर पुस्तकी मराठीच लिहिणार. तिचं काय चुकलं?

पीएचडीवाल्यांची गोष्ट अधिक गंभीर. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत असलं तर दंड नाही. पण ते नियम उसना मजकूर पकडायला केलेले. यंत्राचा मजकूर नवा जुळवलेला असल्याने साम्य कमीच निघतं आणि खोटा संदर्भ बिनबोभाट आत जातो. ग्रिग्सन यांचं बस्तरच्या माडिया गोंडांवरचं १९३८ चं पुस्तक खरं आहे. म्हणून त्यांच्या नावावर गडचिरोलीचं एखादं पुस्तक यंत्राने दिलं तर ते खरंच वाटतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. सरकारी अधिकाऱ्याचं हे होतं, तर आपलं काय! जो संदर्भ हातात धरून पान उघडलेलं नाही, तो यादीत घालायचा नाही. इथे सबब चालत नाही.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठापासून वेगळं झालं ते गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी. इथले प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन भांडारावर चढतात. पुढचं यंत्र उद्या तेच वाचणार. आज 'गडचिरोलीत पुडकं ५० पानांचं' असं एका प्रबंधात छापलं गेलं, तर उद्या त्याला पुरावा म्हणून तोच प्रबंध दाखवला जाईल.

राहिला परवानगीचा प्रश्न. पुजाऱ्याने सांगितलेल्या औषधी मुळ्या, ग्रामसभेच्या कार्यवृत्ताचे फोटो, वनहक्क दाव्यातली नावं आणि गट क्रमांक हे सगळं जसंच्या तसं एआयमध्ये टाकलं जातं, 'सारांश काढ' म्हणून. तो मजकूर कुठे साठतो, कोण वापरतं, हे सांगणाऱ्याला कोणी विचारलेलं नसतं. मुलाखतीला दिलेला होकार एवढ्यापर्यंत पोचत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वांच्या संमतीने होतात आणि त्याआधी अभ्यास गटात चर्चा झडते. संशोधकाने निदान तेवढी वाट बघावी. ग्रामसभेत उभं राहून, कोणती माहिती मोबाईलमध्ये जाणार ते गोंडीत किंवा मराठीत सांगावं. नाही म्हणाले तर वहीवर काम करावं. हो म्हणाले तरी नावं आणि गट क्रमांक आधी काढून टाकावेत.

आणि तयार अहवाल विद्यापीठात जमा करण्याआधी एकदा त्याच गावात वाचून दाखवावा. आमच्या त्या तेंदूच्या प्रकल्पाची दुसरी आवृत्ती अशीच वाचली गेली. पुडकी बरोबर निघाली, पण तेंदूच्या बोनसच्या रकमेवर बायकांनी त्या मुलाला दोनदा थांबवलं.