वाचकांचे प्रश्न : रिफंडचे बटण दाबण्याआधी

प्रश्न : माझा मुलगा मस्कतला एका कंपनीत एसी टेक्निशियन आहे. चतुर्थीला घरी आला होता. परतीचे मोपा-मुंबई तिकीट त्याने स्वतः मोबाइलवर काढले आणि मुंबई-मस्कत तिकीट म्हापशाच्या एजंटाकडून १७,२०० रुपयांना घेतले. मोपाहून विमान सकाळी ७.५० चे, मस्कतचे दुपारी अडीचचे. पहाटे साडेचारला आम्ही निघायची तयारी करत असताना ‘ऑपरेशनल कारणास्तव आपले उड्डाण रद्द करण्यात आले आहे’ असा मेसेज आला. पैसे बुडतील या भीतीने त्याने लगेच रिफंडचे बटण दाबले. ४,९५० रुपये चार दिवसांनी जमा झाले. मस्कतचे विमान चुकले. ‘नो शो’ झाला, काही मिळणार नाही, असे एजंट म्हणतो. तिसऱ्या दिवशी नवी तिकिटे काढून तो गेला, त्याचे ३८,४०० रुपये झाले. तिकडे तीन दिवसांचा पगार कापला आणि मॅनेजर विमान रद्द झाल्याचे मानायलाच तयार नाही. आता विमान कंपनी ५,००० चे व्हाउचर देते म्हणते. लिंकवर जाऊन सात दिवसांत ‘स्वीकारा’ करायचे आहे. शेजारी म्हणतात १०,००० भरपाईचा नियम आहे. ती कशी मिळवावी? पेडणे पोलिसांत तक्रार द्यावी का?
— एक वडील, कोरगाव (पेडणे)

उत्तर : आधी मुलाला मस्कतला फोन लावा आणि ती व्हाउचरची लिंक उघडू नको म्हणून सांगा. कारण पुढे येईलच.

तुम्ही दहा हजारांचे विचारले आहे, पण तुमचा जीव अडकला आहे तो मॅनेजरच्या त्या वाक्यात. आखातातल्या नोकरीत सुट्टीवरून उशिरा परतणे महागात पडते, आणि कागदावर एकदा शेरा पडला की करार वाढवण्याच्या वेळी तोच पुढे येतो. म्हणून पहिले काम भरपाईचे नाही, दाखल्याचे. विमान कंपनीला पीएनआर क्रमांक आणि तारीख देऊन ईमेल करा आणि उड्डाण रद्द झाल्याचे प्रमाणपत्र मागा. कंपन्या ते देतात, त्याला पैसे पडत नाहीत, फक्त मागावे लागते. ते मस्कतच्या कंपनीच्या कार्यालयाला पहाटेच्या मेसेजच्या स्क्रीनशॉटसह लेखी पाठवा. तोंडी सांगून झाले आहे, त्याचा उपयोग झालेला नाही. हेच प्रमाणपत्र पुढे ग्राहक आयोगातही लागेल.

आता दहा हजारांचे. ते तुमच्या वाट्याला येत नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम उड्डाणाच्या कालावधीवर चालतो. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००. मोपा-मुंबई सव्वा तासाच्या आसपास, म्हणजे मधला टप्पा. पण नियमाचे पुढचे शब्द कोणी वाचत नाही : हा आकडा किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते. तुमचे तिकीटच ४,९५० चे. त्यातले कर आणि विमानतळ शुल्क वगळा, जे उरेल तेवढीच ही भरपाई. मेसेज आदल्या दिवसापर्यंत, चोवीस तासांहून आधी आला असता तर तीही मिळाली नसती. खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षा, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठीही मिळत नाही. चतुर्थीचे दिवस पावसाचे, मोपाच्या पठारावर ढग खाली उतरतात, तेव्हा कंपनी उद्या हवामानाचे नाव घेईल. तुमच्याकडच्या मेसेजमध्ये ‘ऑपरेशनल कारण’ लिहिले आहे. तो मेसेज जपून ठेवा, आणि त्या सकाळी मोपाहून कोणती विमाने उडाली याची नोंद आताच काढून ठेवा.

तर हा दावा तीन-चार हजारांचा. तुम्ही विचारायला हवे होते ते हे : बाकीचे तेहतीस हजार कोण देणार?

हो, तेहतीस. ३८,४०० हे तुमचे नुकसान नव्हे. प्रवास ठरल्याप्रमाणे झाला असता तर तुमचे २२,१५० जाणार होते. प्रत्यक्षात रिफंड वजा जाता ५५,६०० गेले. फरक ३३,४५० रुपये आणि वर तीन दिवसांचा पगार. दाव्यात हाच आकडा लिहा. फुगवलेला आकडा पाहिला की आयोग तुमच्या खऱ्या पावत्यांकडेही संशयाने पाहतो.

आता त्या बटणाकडे येतो, कारण माणसे बुडतात ती तिथे. उड्डाण रद्द झाले की नियम दोन गोष्टी देतो, पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, आणि निवड प्रवाशाची असते. रिफंड घेतलात की तुम्हाला मुंबईला पोहोचवण्याची कंपनीची जबाबदारी तिथेच संपली. त्यानंतर बाजारात तिकीट ६,००० ला असो की १८,००० ला, फरक तुमच्या खिशातून जातो. पर्यायी विमान मागितले असते तर तो फरक कंपनीच्या गळ्यात राहिला असता. कंपन्या बहुधा आपल्याच पुढच्या विमानात जागा देतात आणि दुसऱ्या कंपनीचे तिकीट काढून द्यायला नाखूश असतात, हे खरे. पण मागणी लेखी केलेली असेल आणि नकारही लेखी असेल तर पुढे जाऊन तो नकारच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा होतो. रिफंड दाबलेल्या माणसाकडे मागणीही नसते आणि नकारही नसतो. कंपनीचा वकील आयोगापुढे एवढेच म्हणतो : प्रवाशाने स्वतःहून पैसे परत घेतले, विषय मिटला.

आणि हे बटण दाबायला लावते ती पैसे बुडण्याची भीती. २०२३ च्या जानेवारीत मोपा विमानतळ सुरू झाला आणि मे महिन्यात गो फर्स्ट ही विमान कंपनी तिकिटांच्या पैशांसह बंद पडली, तेव्हापासून ही भीती लोकांच्या मनात घर करून आहे. पण चालू कंपनीकडचा रिफंड तुम्ही पहाटे साडेचारला मागितला नाही म्हणून कुठे जात नाही. तो दुपारीही मिळतो, दुसऱ्या दिवशीही मिळतो. पर्यायी विमानाची जागा मात्र पहिल्या अर्ध्या तासात जाते. मी पाहिलेल्या बऱ्याच मेसेजमध्ये रिफंड एका दाबात होतो आणि दुसऱ्या विमानासाठी तीन-चार पाने पुढे जावे लागते. अर्धवट झोपेतला माणूस पहिले दिसेल ते दाबतो.

तुमच्या मुलाने त्या पहाटे एवढेच लिहून पाठवायला हवे होते : ‘मला रिफंड नको. आज दुपारी बाराच्या आत मुंबईला पोहोचवणारे विमान द्या, मोपाहून किंवा दाबोळीहून, कोणत्याही कंपनीचे. मुंबईहून अडीच वाजता माझे मस्कतचे विमान आहे, तिकीट सोबत जोडले आहे.’ हे ईमेलने आणि कंपनीच्या ॲपमधल्या चॅटवर पाठवायचे, स्क्रीनशॉट घ्यायचा आणि विमान रद्द असले तरी काउंटरवर जाऊन उभे राहायचे. दाबोळीचे नाव मुद्दाम घेतले. पेडण्यातली माणसे आता मोपाशिवाय विचारच करत नाहीत, पण मुंबईचे विमान दाबोळीहूनही सुटते. मिळालेल्या नव्या तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. हे न बघता चुकीच्या विमानतळावर गेलात तर ती चूक तुमची धरली जाते. तिथवरच्या टॅक्सीची पावती मागून घ्या.

व्हाउचरची लिंक हा त्याच सापळ्याचा दुसरा अर्धा भाग. नियमाप्रमाणे भरपाई रोख किंवा बँकेत द्यायची असते, व्हाउचर द्यायचे तर तुमची लेखी संमती लागते. ‘स्वीकारा’ म्हणजे ती संमती, आणि त्याखालच्या बारीक अटींमध्ये ‘पूर्ण व अंतिम तडजोड, यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य बऱ्याचदा असते. अशी सही म्हणजे दावा कायमचा मेला असे कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये विम्याच्या एका प्रकरणात सांगितले आहे की फसवणूक, दिशाभूल किंवा दबाव दाखवता आला तर ग्राहक पुढे जाऊ शकतो. पण ते सिद्ध करायचे ओझे ग्राहकावर. पाच हजारांच्या व्हाउचरसाठी, तेही त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटावरच चालणाऱ्या, तेहतीस हजारांच्या दाव्यावर हे ओझे कशाला घेता? कंपनीला कळवा की व्हाउचर नको, नियमाप्रमाणे रक्कम बँकेत जमा करा, आणि ती घेताना उरलेला दावा राखून ठेवत आहोत. सात दिवसांची मुदत कंपनीने घातलेली आहे, कायद्याने नव्हे.

तुमच्या प्रकरणातली कमकुवत बाजूही सांगतो. दोन तिकिटे वेगळी आहेत. पुढचे विमान चुकल्याची डीजीसीएची भरपाई दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील तरच मिळते. पण ग्राहक कायदा त्याहून मोठा आहे. एका प्रवाशाची रेल्वे जम्मूला चार तास उशिरा पोहोचली आणि त्याचे श्रीनगरचे विमान चुकले. रेल्वे आणि विमान एका तिकिटावर असायचा प्रश्नच नव्हता. तरीही ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला भरपाई द्यायला लावली. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेनेच सिद्ध करायचे होते, आणि तिने कारणही दिले नव्हते. तुमचा आधार हा. मुंबईत पाच तासांहून अधिक वेळ हातात ठेवला होता, ही गोष्ट तुमच्या बाजूने जाते. दीड तास ठेवला असता तर मी तुम्हाला पुढे जा म्हटले नसते. रिफंड दाबल्यामुळे दावा लंगडा झाला आहे. पूर्ण रकमेची खात्री धरू नका, पण सोडूनही देऊ नका.

एजंटाला हे विचारा : मस्कतचे तिकीट भारतीय कंपनीचे होते का? असेल तर नो शो झाला तरी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळते. आणि तिकिटावर मोबाइल नंबर कोणाचा घातला होता? आपल्याकडचे एजंट सर्रास स्वतःचा नंबर घालतात. मग रद्द झाल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर पडून राहतो आणि प्रवाशाने संपर्काची माहिती दिली नाही म्हणून कंपनी भरपाई नाकारते. यापुढे तिकीट हातात आले की आधी नंबर बघा. आणि आखाताचे तिकीट मोपापासून एकाच पीएनआरवर काढा, दोन-तीन हजार जास्त पडले तरी.

पोलिसांत जाऊ नका, हा गुन्हा नव्हे. आमदारांचे पत्र नको. वकील लावायचीही गरज नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव असते, त्याला लिहा. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. त्यानंतर पर्वरीला उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग. तिकिटाच्या अटींमध्ये ‘फक्त दिल्लीचे न्यायालय’ असे काही असले तरी घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तुमच्या रकमेला शुल्क लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. मुलगा परदेशी, म्हणून त्याच्याकडून तुमच्या नावे अधिकारपत्र घ्या. मुदत दोन वर्षांची आहे. तरी पावत्या आणि मेसेज फोनमध्येच ठेवू नका, आजच छापून घ्या.

प्रश्न : २०२३ मध्ये गो फर्स्टची आमची चार तिकिटे बुडाली. आता एकाचा फोन आला की रिफंड मंजूर आहे, १,२०० रुपये भरा आणि एक ॲप घ्या. भरू का?
— एक वाचक, मये (डिचोली)

उत्तर : नाही. ॲप घेतले असेल तर आत्ता काढून टाका आणि बँकेला कळवा. गो फर्स्ट जानेवारी २०२५ पासून अवसायनात आहे. तिची मालमत्ता विकून येणाऱ्या पैशांच्या रांगेत बँका पुढे आणि प्रवासी मागे आहेत. मिळालेच तर दावा नोंदवलेल्यांना अवसायकाकडून मिळतील, आणि त्यासाठी कोणी फोनवर पैसे मागणार नाही. कुठल्याही विमान कंपनीचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका, तिकिटावर छापलेला वापरा. आलेला तो नंबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.