पिस्तूल घ्यायचं म्हणणाऱ्यांना चार गोष्टी

पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात मी वर्षानुवर्षं नेमबाजी केली, आता नवख्या मुलांना शिकवतो. शहरात गोळीबार झाला की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "सर, परवाना कसा काढायचा?" त्या सगळ्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

1. रिकामं पिस्तूलही भरलेलंच समजा.
रेंजवर 'स्टॉप' ऐकू आलं की ट्रिगरवरचं बोट निघतं, शस्त्र रिकामं होतं, चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग जातो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली कांस्यपदक मिळवणारा नेमबाज स्वप्नील कुसाळे इथेच सराव करून मोठा झाला. नियम त्यालाही हाच. एका मुलाने फोटोसाठी मित्रावर एअर पिस्तूल रोखलं, तेव्हा मी त्याचा सराव तिथेच थांबवला. "रिकामंच होतं ना हो, सर," त्याची आई म्हणाली. ताई, अपघातानंतर सगळे हेच सांगतात.

2. घरातलं शस्त्र घरच्यांवर उलटतं.
जुलै 2023 मध्ये बाणेरला एका पोलीस अधिकाऱ्याने पत्नी आणि पुतण्यावर गोळ्या झाडून स्वतःलाही संपवलं. शस्त्र चालवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस होता तो. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्याच पायात घुसली. संकट आलं की हात आपोआप सावरेल, या भरवशावर कुणी राहू नये.

3. परवाना एकाचा, पिस्तूल दुसऱ्याच्या हाती.
फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. मारेकऱ्याने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवान्याचं. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा ठेवली, हे चांगलं झालं. पण परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, ती मला खटकते. पाच वर्षांत माणसाला दारू लागते, कर्ज होतं, घर मोडतं. शस्त्र कुठे आहे आणि धनी कसा आहे, याची दरवर्षी तपासणी झालीच पाहिजे. इंग्रजांनी 1878 चा कायदा आपल्याला निःशस्त्र ठेवायला केला होता. 1959 चा आपण आपल्या सुरक्षिततेसाठी केला. तो पाळण्यात कसला आलाय कमीपणा?

4. गावठी कट्ट्याला परवाना नसतोच.
20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघांना जन्मठेप झाली ती 10 मे 2024 ला. त्याच वर्षी जानेवारीत कोथरूडमध्ये गुंड शरद मोहोळ आणि सप्टेंबरमध्ये नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर गोळीबार झालेल्या हल्ल्यांत मारले गेले. पुण्यात पकडल्या जाणाऱ्या बेकायदा पिस्तुलांच्या तपासात पुन्हा पुन्हा नाव येतं ते मध्य प्रदेशातल्या, जळगावच्या सीमेलगतच्या उमर्टीचं. बेकायदा शस्त्रं बनवणाऱ्याला किमान दहा वर्षांची शिक्षा कायद्यात आहे. कट्टा बाळगणारं पोरगं आत गेलं म्हणून तपास संपू नये. कट्टा कुणी बनवला, काडतुसं कुणी पुरवली, तिथपर्यंत तो पोचला पाहिजे.

पिस्तुलाची हौस असेल तर रेंजवर या, मी मनापासून शिकवीन. भीती वाटत असेल तर पोलिसांकडे जा. आणि गल्लीतला कुणी कमरेला कट्टा लावून रील टाकत असेल, तर त्याला लाइक देऊ नका. 112 ला फोन करा.