फिरत्या चुलीचा धूर

दिवाळीच्या तोंडावर अंबाजोगाईच्या एका शिक्षकांचं पत्र आलं. मुलाने त्यांना एक प्रवासी यंत्र आणून दिलंय. जेवणाच्या डब्याहून जरा मोठी पत्र्याची पेटी, तळाला लाकडाचा भुसा, त्यावर जाळी, खाली स्पिरिटचे दोन दिवे. झाकण लावलं की धूर आत कोंडतो आणि जाळीवरचा मासा किंवा कोंबडी त्यात शिजते. सुटीत गाडीने कोकणात जायचंय, पेटी बरोबर न्यायचीय. धुरातलं खाणं प्रकृतीला बरं का आणि वाटेत काय जपावं, असं त्यांनी विचारलंय.

त्याच आठवड्यात वडवणीकडची एक बाई खोकल्याचं औषध मागायला आली. ऊसतोडीची उचल घेऊन झाली होती, टोळी निघायला चार दिवस उरले होते. तिच्या बोचक्यातही तवा, पातेलं आणि फुंकणी होती. चुलीचे तीन दगड काय, फडावर कुठेही मिळतात. एकाच जिल्ह्यातून, एकाच पंधरवड्यात दोघं विस्तव घेऊन परमुलखाला निघालेली. पत्र एकाचंच आलंय, तरी उत्तर दोघांनाही लागू आहे.

आधी गुरुजींचं बघू. धुराने पदार्थाला वास येतो, रंग येतो. तो टिकतो म्हणतात, ते या पेटीला लागू नाही. धुरावर मांस टिकवणारे लोक आधी मीठ लावतात, पाणी सुकवतात आणि मग कित्येक दिवस मंद धुरावर ठेवतात. पेटीत अर्धा तास ठेवलेला मासा म्हणजे ताजा शिजवलेला मासाच, तो तसाच दोन तासांत खाऊन संपवायचा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. उरलेला बर्फात ठेवा, नाहीतर फेकून द्या. आपल्या भागात मांस धुरावर टिकवायची रीत फारशी दिसत नाही. माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे, आपल्याला ऊन पुरतं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची जी नोंद केली आहे, तिच्यात वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. नागालँडसारख्या पावसाळी मुलखात मांस चुलीवर टांगून धुरावतात, कारण तिथे सूर्याचा भरवसा नाही.

बाजारात दुसरंही एक यंत्र मिळतं, पिस्तुलासारखं. चिमूटभर भुसा पेटवायचा, बॅटरीवरचा पंखा नळीतून धूर सोडतो. हा आपला धुंगारच. वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडतो, त्यातलाच प्रकार. त्यात उष्णता नाही, म्हणजे कच्चं ते कच्चंच राहतं. वासावरून शिजलं असं धरून कोंबडी वाढली की रात्रभर सगळं घर संडासाच्या दारात. टोचायचा तापमापक फार महाग नसतो, तो पेटीबरोबर ठेवा. कोंबडीच्या जाड भागात, हाडाला न लावता, ७४ अंश सेल्सिअस दिसले की ती शिजली. माशाला ६३ पुरतात. बाहेरून तांबूस रंग आला याला काही अर्थ नाही, तो रंग धुराचा असतो.

कोकणात बांगडा किंवा कुपा घेणार असाल तर बर्फातलाच घ्या आणि पेटीत जाईपर्यंत बर्फातच ठेवा. हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते ना उकळून जातं ना धुराने. खाल्ल्यावर अर्ध्या तासात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या उठतात. लोक ‘मला मासा बाधतो’ म्हणत जन्मभर मासा सोडतात. पुष्कळदा दोष त्या दिवशीच्या उन्हाचा असतो.

पेटीबरोबर आलेला भुसा संपला की हात आजूबाजूच्या लाकडाकडे जातो. प्लायवुड, रंगवलेली फळी, खोक्याचं लाकूड जाळू नका. कण्हेरीची काडी तर कशालाच नको, ना जाळायला ना मांस टोचायला. ती विषारी आहे. आपली बाभूळ चालते, पण वाळलेली. गंमत अशी की अमेरिकेत धुराच्या मांसासाठी ज्या मेस्किटचं कौतुक चालतं, ती बांधाबांधावर माजलेल्या आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण आहे. स्पिरिटचा दिवा मात्र सांभाळा. दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही. विझला समजून माणूस वरून स्पिरिट ओततो आणि हात भाजून घेतो.

आता कर्करोगाचं. लाकडाच्या धुरात आणि निखाऱ्यावर चरबी ठिबकून उठणाऱ्या धुरात बेंझोपायरीन नावाचं द्रव्य असतं. ते माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांसही त्याच, म्हणजे सिद्ध कारणांच्या पहिल्या गटात घातलं. खारवणं, धुरावणं हे त्या प्रक्रियेतच येतं. म्हणून घाबरून पेटी माळ्यावर टाकू नका. हा धोका रोजच्या सवयीचा आहे, वर्षातून दोन सहलींचा नाही. चरबी काढून टाका, ठिबकणारं तेल भुशावर पडू नये म्हणून मध्ये ताटली ठेवा, काळं झालेलं खरवडून टाका. हुरड्याच्या आगटीवर आपण नाही का, ज्वाळा बसून गोवऱ्यांचा विस्तव लाल झाल्यावरच कणसं खुपसतो? तीच शिस्त इथे पाळायची.

इथवर पोटाचं झालं. मला जास्त काळजी आहे ती न दिसणाऱ्या वायूची.

शिकाऊ डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. डिसेंबरातली पहाट, साखर कारखान्याजवळच्या अड्ड्यावरून नवरा-बायको आणि पाच वर्षांचं लेकरू आणलं. तिघांना उलट्या, डोकं फुटेल असं दुखणं, लेकरू अर्धवट शुद्धीत. बरोबरचे सांगत होते, रात्रीच्या कालवणातून काहीतरी गेलं. मीही विषबाधा म्हणून सलाईनची तयारी केली. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९९ टक्के, म्हणजे तिकडून शंका घ्यायला जागा नाही. तेवढ्यात म्हातारा सासरा म्हणाला, तेच कालवण त्यानेही खाल्लं होतं, पण तो बैलांपाशी उघड्यावर झोपला होता. मग मी विचारलं, झोपायच्या कोपीत विस्तव होता का? होता. थंडी म्हणून घमेल्यात निखारे आत घेतले होते आणि वाऱ्याला अडवायला कोपीवर प्लास्टिकचा कागद ओढून दाराशी पोतं लावलं होतं.

निखारा धूर सोडायचा थांबला तरी कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाच्या यंत्राला त्यातला फरक कळत नाही, म्हणून ते ९९ दाखवत होतं. उपाय एकच, उघडी हवा आणि मास्कने भरपूर ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर तासा-दीड तासात निम्मा होतो. लेकरू दुपारी उठून बसलं आणि बिस्किट मागू लागलं. त्या दिवसापासून, एकाच छपराखालच्या दोघातिघांना एकदम डोकेदुखी-उलट्या झाल्या की जेवण काय होतं याआधी मी विस्तव कुठे होता हे विचारतो.

तेव्हा गुरुजी, पेटी तंबूत नको, गाडीत नको, लॉजच्या खोलीत खिडकी उघडून नको, पाऊस आला म्हणून व्हरांड्यात ओढूनही नको. आणि जेवण झाल्यावर ती गरम राख डिकीत ठेवून निघू नका. पाणी ओतून, काडीने ढवळून, हाताला गार लागेपर्यंत थांबा.

फडावरच्या बाईला इतके पर्याय नसतात. पहाटे अंधारातच चूल पेटते, कारण त्यानंतर ऊस तोडायला जायचं असतं. जळणाला उसाचं पाचट. ते भुर्रकन पेटतं आणि धूर सोडून विझतं, मग पुन्हा फुंकणी. असे पाच-सहा महिने, वर्षानुवर्षं. जन्मात बिडी न ओढलेल्या बाईची छाती बिडीवाल्यासारखी वाजते ती यामुळे. घरातल्या दूषित हवेने २०२० मध्ये जगभरात ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

जमेल तेवढं असं करा. चूल कोपीच्या बाहेर, वारा कोपीकडून चुलीकडे जाईल अशा बाजूला मांडा. पाचट फक्त पेटवायला घ्या, जाळायला वाळलेल्या पऱ्हाट्या किंवा लाकूड वापरा. लेकराची झोळी धुराच्या वाटेत बांधू नका. पोटुशी बाई असेल तर फुंकणी दुसऱ्या कुणाकडे द्या, नवऱ्याकडे दिली तरी चालते. गावातली गॅसची मोठी टाकी नेता येत नसेल तर पाच किलोची छोटी टाकी नुसत्या ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. घरी गॅसच नसेल तर उज्ज्वला योजनेच्या २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना रेशनकार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल असं ठरलंय. टाकी मात्र पाचटाच्या कोपीत ठेवू नका. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, ती तपासणी फुकट असते. तोंडाने ओढायच्या औषधाचा पंप दिला असेल तर हंगामभराचे सोबत न्या. पंपाची सवय लागते ही नुसती अफवा आहे.

त्या बाईला मी पंप कसा ओढायचा ते तीनदा करून दाखवलं आणि कोपीत निखारे घ्यायचे नाहीत म्हणून बजावलं. ती म्हणाली, “मग थंडीचं कसं करावं, डॉक्टर? फडात लई गारठा असतो.”

“वाकळा किती नेता, मावशी?”

तिने बोटं मोजली. “तीन. माणसं पाच.”

“अजून दोन न्या.”

ती जरा थांबली. “ट्रॅक्टरात जागा करावी लागंल,” म्हणाली आणि पंप पदराच्या टोकाला बांधून उठली.