‘हे आल्यावर बघू’

आमच्या रत्नागिरीकडे नवरा बोटीवर किंवा आखातात असलेली घरं काही कमी नाहीत. त्या घरातली बाई पोराला ताप भरला तर रात्री रिक्षा काढून दवाखाना गाठते, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवते. स्वतःचं दुखणं निघालं की मात्र उत्तर ठरलेलं : ‘हे आल्यावर बघू.’

माझ्या दवाखान्यात चाळिशीच्या एक ताई आल्या. जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं. ‘टेन्शनच असणार, हे नाहीत ना घरी,’ निदानही त्यांनीच सांगून टाकलं. सासूबाईंचंही तेच मत. बाजारातल्या एका ‘डॉक्टर’ महाशयांनी तर न तपासताच ताकदीचं सलाईन लावून पैसे घेतले होते. मी खालची पापणी ओढून बघितली, आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन सहा, बाईमाणसाला ते किमान बारा हवं. खोदून विचारल्यावर कळलं, दहा-दहा दिवस अंगावरून जातंय, गाठी पडताहेत. गौरी-गणपतीत अडचण नको म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणलेल्या. पुढे जास्त जायला लागलं तेव्हा उरलेल्या त्याच गोळ्या पुन्हा, मनानेच. वर मोबाइलवर आलेला बिटाचा रस रोज सकाळी. अहो, बीट लाल असतं म्हणून रक्त वाढत नाही! शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं.

सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड निघाला. घाबरायचं कारण नव्हतं, या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. पण ऑपरेशन म्हटल्यावर ताई म्हणाल्या, ‘ह्यांची सही लागेल ना? मार्चात बोटीवरून साइन ऑफ होऊन घरी येतील.’

नाही लागत. सज्ञान बाईच्या तपासणीला आणि ऑपरेशनला कायद्याने तिची स्वतःची संमती पुरते. सोबतीला माणूस हवं हे खरं, पण भाऊ, बहीण, जाऊ कोणीही चालतं. ताईंना आधी शिरेतून लोह दिलं, रक्त वाढल्यावर गाठ काढली. सही त्यांनीच केली, नवरा तेव्हा बोटीवरच होता.

एकटीने घर ओढताना ताण येतो, झोप उडते, हे मी नाकारत नाही. मन फारच खचलं असेल तर 14416 या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. पण रक्त तपासल्याशिवाय धापेला टेन्शन म्हणू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं होतं. त्या सगळ्यांचे नवरे काही परगावी नव्हते.

सात दिवसांपेक्षा जास्त पाळी किंवा गाठी, एवढ्यावर या आठवड्यात डॉक्टर गाठा. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी गेलं, तरीही. तासाला एक पॅड भिजतंय आणि दोन तास तेच चाललंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बसल्याजागी धाप लागतेय, छातीत दुखतंय, तर थेट 108. आणखी एक नेहमी फसतं ते सांगते. नवरा सुट्टी संपवून गेल्याला दीड-दोन महिने झालेत, पाळी चुकलीय, ओटीपोटात एका बाजूला कळ येतेय. ‘हे तर इथे नाहीतच’ म्हणून गप्प बसू नका. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, नळी फुटली तर पोटात रक्त साठतं आणि जिवावर बेततं. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी त्याच दिवशी.

लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, त्यात काही बिघडत नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि बरं वाटलं म्हणून पंधरा दिवसांत सोडू नका. हिमोग्लोबिन नॉर्मलला आल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवावी लागते.

बोटीवरच्या नवरोबांनो, व्हिडिओ कॉलवर ‘कशी आहेस?’ विचारलंत की ‘बरी आहे’ एवढंच ऐकू येणार. हिमोग्लोबिन किती आलं ते विचारा आणि रिपोर्टचा फोटो मागवून घ्या.