थोड्या खर्चात सकस आहार



सकस अन्न ही श्रीमंतांची मिरास आहे, असा समज आपल्या समाजात फार दिवसांपासून रूढ आहे. बदाम, सफरचंद, साजूक तूप ही नावे घेतली की पौष्टिक आहाराचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आणि ज्याची ऐपत तेवढी नसते, तो मनुष्य नशिबाला बोल लावून स्वस्थ बसतो. हा समज किती चुकीचा आहे, हे आपल्या बेळगुंदीच्या शिवाराकडे पाहूनच समजून घेऊ.

अन्नाची मुख्य कार्ये तीन. शरीराला शक्ती देणे हे पहिले. ते तांदूळ, ज्वारी, रताळी, तेल यांच्याकडून होते. वाढ करणे व झीज भरून काढणे हे दुसरे; ते प्रथिनांचे काम असून डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून ती मिळतात. रोगांपासून रक्षण करणे हे तिसरे. त्यासाठी भाज्या व फळे यांतील जीवनसत्त्वे आणि क्षार हवेत. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार २००० उष्मांकांच्या दैनिक आहारात धान्ये सुमारे २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर असावे. आपल्या ताटाशी हे प्रमाण ताडून पाहा. भाताचा ढीग मोठा, आमटी पातळ आणि भाजी नावापुरती, असे चित्र अनेक घरांत दिसते. पोट भरते, पण शरीर उपाशी राहते.

आपण भात खाणारे लोक. म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात आइकमन नावाच्या डच वैद्याला असे आढळले की, पांढरा सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिल्यावर त्या बऱ्या होतात. माणसांतील बेरीबेरी रोगाचे मूळ या शोधामुळे उकलले व १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, अतिशुभ्र तांदळासाठी अधिक दाम मोजणे म्हणजे पैसा देऊन सत्त्व गमावणे होय. कमी सडलेला तांदूळ घ्यावा, तो फार वेळा धुऊ नये आणि भाताची पेज ओतून देऊ नये.

नाचणीला गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडणारे लोक आहेत. परंतु १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तेवढ्याच गाईच्या दुधात ते सुमारे १२० असते. नाचणी भिजवून मोड आणल्यास किंवा तिची आंबील केल्यास त्यातील क्षार शरीराला अधिक लाभतात. हुलग्यात शेकडा २१-२२ भाग प्रथिने असतात. भात किंवा भाकरी आणि उसळ एकत्र खाल्ली म्हणजे एकाच्या प्रथिनातील उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आज्यांनी ही जोडी शास्त्र न वाचताच जमविली होती!

आता रताळ्यांविषयी. आपल्या तांबड्या मातीतील हे पीक पोत्यांनी भरून परगावच्या बाजारांत जाते, आणि घरात मात्र ते उपवासापुरते उरते. उकडलेले रताळे हा शाळकरी मुलांचा उत्तम फराळ आहे. पांढऱ्या गराच्या रताळ्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा अंश थोडा असतो. ‘भू सोना’सारख्या नारिंगी गराच्या जातीत तो विपुल असतो. वेलाची कोवळी पाने आपण गुरांपुढे टाकतो. फिलिपिन्समध्ये व तैवानमध्ये तीच भाजी म्हणून खातात.

खरेदी करताना हिशेब करावा. दहा रुपयांच्या तळलेल्या पदार्थाच्या पुडीत २५ ग्रॅम ऐवज असेल, तर त्याचा भाव किलोला ४०० रुपये पडतो! तेवढ्या पैशांत शेंगदाणे व गूळ किती येतील, ते दुकानात विचारून पाहा. सफरचंदाऐवजी पेरू किंवा आवळा घ्यावा. ‘क’ जीवनसत्त्वात ही फळे कितीतरी सरस आहेत. भाजी ऋतूप्रमाणे घ्यावी, चिरण्यापूर्वी धुवावी व झाकण ठेवून शिजवावी. मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला यांच्याबरोबर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी होते.

शेवटी एक गंभीर गोष्ट सांगावयाची आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. मुलगे त्याच्या जवळजवळ निम्मे होते. याला कारणे अनेक आहेत. परंतु उसळीचा घट्ट भाग पुरुषांच्या पानात आणि तळाचे पाणी शेवटी जेवणाऱ्या माउलीच्या पानात, ही रीतही त्याला हातभार लावते. ही रीत मोडण्यास एक पैसाही लागत नाही.

तेव्हा मित्रहो, आज घरी गेल्यावर दोन कामे करा. आठवड्याच्या किराण्याची यादी घेऊन बसा आणि कोणत्या रुपयाने शरीराला काय दिले, ते लिहून काढा. मग आईला व बहिणीला आपल्याबरोबर जेवावयास बसवा, आणि डावाने उसळ तळापासून ढवळून सर्वांना सारखी वाढा.